चादर हजर करण्याचा अर्ज

पेडण्याहून डिचोलीला बसने जायचं तर म्हापशाला बस बदलावी लागते, आणि म्हापशाची बस वेळेवर सुटलेली मी तरी कधी पाहिली नाही. म्हणून मी स्कूटरने जायचो. अस्नोडा मागे पडलं की रस्त्याकडेची झाडं हळूहळू रंग बदलायची. आधी काजूची पानं तांबूस दिसायची, मग आंब्याची, आणि डिचोली ओलांडून पाळीच्या वाटेला लागलं की हिरवं म्हणून काही उरायचंच नाही. खनिजाचे ट्रक दिवसभर त्या रस्त्याने नदीकडे जायचे आणि आपली धूळ मागे ठेवून जायचे. संध्याकाळी घरी पोचलो की वर्षा, माझी बायको, मला आधी न्हाणीघर दाखवायची. शर्ट कोर्टात पांढरा आणि घरी विटकरी, असं त्या वर्षी माझं चाललं होतं.

तुरुंग त्याच वाटेवर होता. त्याचं नाव देत नाही. ती इमारत आता पाडलेली आहे आणि तिच्याशी माझं काही भांडण उरलेलं नाही. पोर्तुगिजांच्या काळात तिथे जकातीचं ठाणं होतं. मालाची जी कोठारं होती त्यांच्याच नंतर कोठड्या झाल्या. रस्त्याकडच्या कोठडीला ऐसपैस खिडकी होती. माल वाऱ्यावर राहावा म्हणून ती ठेवली असणार. सरकारने तिला गज बसवले, पण झडपा बसवायचं कुणाला सुचलं नाही. समोरून ट्रक गेला की धुळीचा लोट सरळ आत यायचा.

गोवा घटक राज्य होऊन वर्ष उलटलं होतं. तुरुंगाच्या कुंपणावर भाषेच्या भांडणातल्या घोषणा अजून होत्या, मराठीवाल्यांच्या आणि कोकणीवाल्यांच्या, एकमेकांवर रंगवलेल्या. धुळीने दोन्ही बाजूंना सारखंच रंगवून टाकलं होतं. मला ते बघून दर खेपेला हसू यायचं.

या तुरुंगाशी माझा संबंध आला तो कुसुममुळे. ती कोल्हापूरकडची, गडहिंग्लजच्या बाजूची. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत डबे भरायच्या कामाला होती. तिचा धाकटा भाऊ विजय तिथेच हेल्पर होता. कारखान्याच्या गेटवर मारामारी झाली, त्यात पोलिसांनी विजयला उचललं. गुन्हा मोठा नव्हता. पण जामीन राहायला गोव्यातलं कुणी नव्हतं, त्यामुळे खटल्याची वाट बघत तो या तुरुंगात पडून होता. लहानपणापासून त्याला दमा होता.

"सुटायचं मागनं बघू," कुसुम माझ्या पेडण्याच्या घरी पायरीवर बसून म्हणाली. "आदी त्याला त्या खोलीतनं काडा, वकीलसायेब. त्या खोलीत दादू म्हणून बेळगावकडचा माणूस हुता. खोकून खोकून मेला. आता आमचा इजू बी तसाच खोकतोय."

मी डिचोलीच्या कोर्टात दिवाणी दावा लावला. मागणी साधी होती. रस्त्याकडच्या कोठडीतली माणसं दुसरीकडे हलवा, आणि तिथे पुन्हा कुणाला ठेवू नका. तुरुंगाच्या वतीने जेलर दत्तारामांचं उत्तर आलं की कोठडी हवेशीर आहे आणि धुळीची तक्रार अतिशयोक्त आहे. हवेशीर हा शब्द वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. वर्षा स्वयंपाकघरातून बघायला आली.

पुढच्या वेळी कुसुम भावाला भेटून आली ती एक बातमी घेऊन. दाव्याच्या आधी विजयने धुळीबद्दल वर तक्रार केली होती. ती खोटी ठरवायला दत्तारामांनी एक रात्र त्या कोठडीतली सगळी माणसं मागच्या कोठडीत हलवली, रिकाम्या जमिनीवर घरची पांढरी चादर अंथरली, आणि कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली. सकाळी दार उघडून आत गेले, चादर गुंडाळून बाहेर आले, आणि त्यानंतर त्या चादरीचं नाव कुणी काढलं नाही.

"लपवल्यानी," कुसुम म्हणाली. "इजू म्हनतो, जेलरसायबाचं तोंड उतरल्यालं."

वकिलाला याहून गोड बातमी काय असते? धूळ नाही हे दाखवायला अंथरलेली चादर धुळीने भरली, म्हणून दडवली. समोरच्याने स्वतःच्या हाताने माझा पुरावा तयार करून ठेवला होता. मी अर्ज दिला: प्रतिवादीने ताब्यातली ती चादर कोर्टात हजर करावी. दत्तारामांनी शपथेवर लिहून दिलं की अशी कोणतीही चादर नाही.

त्यावर तीन तारखा आमचं भांडण चाललं. मी म्हणायचो आहे, सरकारी वकील म्हणायचे नाही. शेवटी न्यायाधीश कंटाळले. म्हणाले, त्या चादरीचं नंतर बघू. तोवर कोर्टाच्या देखरेखीखाली नवी चादर अंथरा आणि एका रात्रीत किती धूळ पडते ते मला आणून दाखवा.

हे काम सुलोचनाबाईंकडे आलं. त्या कोर्टाच्या नाझर, म्हणजे जप्त केलेल्या आणि पुराव्याच्या वस्तू त्यांच्या ताब्यात असायच्या. डिचोलीच्याच होत्या. उंच, थोड्या वाकलेल्या, आणि कामाला चोख. बाजारातून त्यांनी जाड्याभरड्या कापडाचा कोरा पांढरा मांजरपाट आणला, दोन्ही पक्षांना दाखवला आणि पिशवीत घालून तुरुंगात घेऊन आल्या.

आम्ही दुपारी आत गेलो. विजय आणि इतर माणसांना मागच्या कोठडीत नेलं होतं. शंभू नावाच्या वयस्क शिपायाने जमीन ओल्या फडक्याने दोनदा पुसली. फडकं दोन्ही वेळा लाल झालं. मग सुलोचनाबाईंनी खिडकीपासून दारापर्यंत मांजरपाट पसरला आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. दत्ताराम दाराशी उभे होते. कपडे कडक इस्त्रीचे, पण नजर मांजरपाटावर ठरत नव्हती.

शंभू माझ्याजवळ आला. "वकीलबाब, हांगा एक दिवो ठेवू?"

"कशाला?"

"दादू ह्याच जाग्यार गेलो. आमच्यात माणूस गेलेल्या जाग्यार पीठ पसरतात आणि वर दिवो ठेवतात. गेलो तो खंय गेलो ता पिठार दिसता. दिव्याबगर कोण पसरना."

गेलेला कुठे गेला ते पिठात बघायची ही चाल मला ठाऊक होती. माझी आजी गेली तेव्हा आमच्याकडेही टोपलीखाली पीठ ठेवलं होतं, आणि सकाळी सगळ्यांनी त्यात पक्ष्याचं पाऊल बघितलं होतं. मला तर फक्त पीठ दिसलं होतं. मी शंभूला सांगितलं की दिव्याची काजळी कापडावर पडली तर सरकारी वकील तेच धरून बसतील. पुरावा म्हणजे पुरावा, त्यात भेसळ नको.

"पीठ गेल्ल्या माणसाक पसरतात," शंभू पुटपुटला. "ही जित्या माणसांची खोली."

दत्तारामांनी त्याला जोराने हाक मारून बाहेर काढलं.

दाराला कुलूप लागलं. सुलोचनाबाईंनी लाख वितळवून कुलपावर आणि कडीवर मोहर केली. लाखेच्या धुराने आणि धुळीने माझा चष्मा इतका धुरकटला की मला तो काढून पुसावा लागला. चष्म्याशिवाय मला स्वतःचा हातही धड दिसत नाही. त्यामुळे रात्री झोपतानाही मी तो घडी करून उजव्या मुठीत, उशीजवळ धरून झोपतो. वर्षा म्हणते, स्वप्नं स्पष्ट दिसावीत म्हणून.

सकाळी मोहर जशीच्या तशी होती. सुलोचनाबाईंनी ती आम्हा दोघांना दाखवून मगच फोडली. दार उघडलं.

मांजरपाट गेरूने सारवल्यासारखा लाल झाला होता. माझं मन आनंदाने भरून आलं, हे कबूल करतो. एका रात्रीत एवढी धूळ! मी मनातल्या मनात युक्तिवाद सुरूही केला. मग मला मधला भाग दिसला.

कापडाच्या मध्यावर काही जागा पांढऱ्या राहिल्या होत्या. दोन लांबट पट्टे शेजारी शेजारी. त्यांच्यापुढे थोडं अंतर सोडून दोन आखूड पट्टे, पुढे एकमेकांकडे वळलेले. आणि त्या दोघांच्या मध्ये एक गोल, वाटीच्या तोंडाएवढा. कुणी धूळ पुसली असती तर कडा विस्कटल्या असत्या. इथे कडा स्वच्छ होत्या. तेवढ्या जागी धूळ पडलीच नव्हती.

मी वर बघितलं. वर कौलं होती आणि एक वासा, बाकी काही नाही. मांजर म्हणावं तर पट्टे फार लांब होते, आणि आल्यागेल्याची पावलंही दिसत नव्हती. शेवटी मी मनाशी म्हटलं की खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा काहीतरी खेळ असेल. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

"बाब, हें कितें?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"धूळ," मी म्हटलं.

दत्तारामांनी दारातूनच एकदा आत पाहिलं आणि ते वळून चालू लागले. मी ते हार म्हणून धरलं.

कोर्टात सरकारी वकिलांनी अर्थातच त्या पांढऱ्या जागांवर बोट ठेवलं. म्हणाले, कापडावर भांडी ठेवली होती, कुणीतरी आत गेलं होतं, चाचणी रद्द करा. मी म्हणालो, मोहर तुमच्यासमोर फोडली, आत कोण जाणार? आणि या चाचणीवर विश्वास नसेल तर तुमचीच चादर आणा, जी नाही असं तुम्ही शपथेवर सांगितलंय. न्यायाधीशांनी दत्तारामांकडे बघून सांगितलं की पुढच्या तारखेला एक तर चादर येईल, नाहीतर तुम्ही स्वतः पिंजऱ्यात येऊन पुन्हा शपथ घ्याल. नवी चाचणीही पुन्हा घ्यायची ठरली, सरकारच्या आग्रहावरून.

त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात दत्तारामांनी मला गाठलं.

"विनायकबाब, ती चादर मागू नका."

"का?"

"दाव्यासाठी नाही सांगत. दावा तुम्हीच जिंका. चादर तेवढी मागू नका."

मला वाटलं, गडी गयावया करायला आला. मी त्यांना सांगितलं की कोर्टात भेटू.  ते मान खाली घालून निघून गेले, आणि मला बरं वाटलं.

पुढच्या तारखेला चादर आली. सुलोचनाबाईंनी ती न्यायाधीशांच्या टेबलावर उलगडली. कडेला निळी वेल असलेली घरगुती चादर होती. सगळी लाल, आणि लालात एक पांढरा माणूस उताणा झोपलेला. डोकं, खांदे, फाकलेले पाय, अंगाला चिकटवलेला डावा हात. उजवा हात मनगटापर्यंत होता. पुढे पंजा नव्हता.

दादूचा उजवा पंजा खाणीतल्या यंत्राच्या पट्ट्यात सापडून तुटला होता. कोर्टातल्या अर्ध्या लोकांना ते माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण त्याच्या मृत्यूचा उल्लेख मीच दाव्यात केला होता.

न्यायाधीशांनी विचारलं, "हा माणूस त्या रात्री कोठडीत होता?"

"नाही सायबा," दत्ताराम पिंजऱ्यातून म्हणाले. "सगळे मागच्या कोठडीत होते. तोही तिथे. मी रात्री स्वतः बघितला, खोकत होता. किल्ली माझ्याकडे."

"तो वारला कधी?"

"ह्याच्या उपरांत. शिगमो झाल्यावर. चादर त्याच्या आधीची."

न्यायाधीशांनी लिहिणं थांबवलं.

"मग तुम्ही त्याला त्या खोलीतून हलवलं का नाही?"

दत्तारामांनी ओठ चाटले. "वर काय लिहू, सायबा? चादरीवर दिसला म्हणून कैदी हलवला?"

न्यायाधीशांनी चादरीची घडी करायला सांगितली. मग तारीख देऊन उठले. मी माझी कागदपत्रं गोळा केली. माझी जीत झाली होती. धूळ सिद्ध झाली होती, जेलरचं खोटं उघडं पडलं होतं. आणि तरी मला एकच गोष्ट सुचत होती. पहिल्या चादरीवरचा माणूस जर जिवंत होता, आणि नंतर गेला, तर आमच्या मांजरपाटावर कोण होतं?

हा प्रश्नच मूर्खपणाचा आहे, असं मी स्वतःला ठणकावलं. मांजरपाटावर माणूस नव्हताच. पट्टे होते आणि एक गोल होता.

विजयची एका कागदावर सही हवी होती, म्हणून मी तसाच तुरुंगात गेलो. दुपारची वेळ होती. चाचणीनंतर माणसं पुन्हा रस्त्याकडच्या कोठडीतच आणली होती; शंभूने मला तिच्या गजांशी नेलं.

"निजलो आसा," तो हळूच म्हणाला. "उठवू?"

मी आत पाहिलं.

दमेकऱ्याला उताणं झोपता येत नाही. विजय गुडघ्यांवर ओणवा होऊन झोपला होता. नडग्या जमिनीला टेकलेल्या, शेजारी शेजारी. कोपरांपासून दोन्ही हात पुढे पसरलेले आणि आत वळलेले. त्या हातांच्या मध्ये कपाळ टेकलेलं. पाठ तेवढी वरखाली होत होती.

दोन लांब पट्टे. दोन आखूड. एक गोल.

मला भीती वाटली. सरळ लिहितो, कारण दुसरा शब्द नाही. मी गज धरून उभा राहिलो. शंभू माझ्याकडे बघत होता. त्यालाही दिसलं होतं, बहुतेक माझ्याही आधी.

"उठव त्याला," मी म्हटलं. "आत्ता उठव. सामान बांध."

मी डिचोलीला परत गेलो आणि न्यायाधीशांच्या दालनात घुसलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. दम्याबद्दल बोललो, दादूबद्दल बोललो. मांजरपाटाबद्दल एक शब्द काढला नाही. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता पेन उचललं आणि विजयला त्याच दिवशी म्हापशाच्या इस्पितळात हलवायचा हुकूम दिला. संध्याकाळी दत्तारामांनी स्वतः त्याला गाडीत बसवलं. गाडी सुटल्यावर त्यांनी हात जोडले. कुणाला ते मला कळलं नाही.

म्हापशाला धूळ नव्हती. इस्पितळाच्या खिडक्यांना काचा होत्या, समोर गुलमोहर होता, रस्ता डांबरी. विजयला पांढऱ्या चादरीची खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास मोकळा झाला. मी गेलो तेव्हा तो उशीला टेकून बसला होता आणि चहात पाव बुडवून खात होता.

"वकीलसायेब, तितं वास बी लाल येत हुता," तो हसत म्हणाला.

कुसुम माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अडवलं, पण मनातून मला फार आनंद झाला होता. घरी जाताना मी कोलवाळच्या पुलावर स्कूटर थांबवली आणि उगाचच नदी बघत उभा राहिलो. दादूला वाचवता आलं नाही, याला वाचवला. चादरीवर काय दिसलं आणि काय नाही, याला आता काही अर्थ उरला नव्हता.

दोन दिवसांनी सकाळी कुसुमचा निरोप आला. निरोप्या काय बोलला ते कळायच्या आधीच मी स्कूटर काढली होती.

विजय पहाटे गेला होता. झोपेतच. रात्री पुन्हा धाप लागली म्हणून तो ओणवा झाला, आणि तसाच राहिला. कुसुम भिंतीशी बसली होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

नर्स वैतागली होती. "चादर काल सांजे बदललेली हो. आता बघा. हे खंयसून येतात आणि काय घेऊन येतात कोण जाणे."

दोघा वॉर्डबॉयनी विजयला उचलून स्ट्रेचरवर घेतलं. मी खाटेकडे बघितलं.

चादर गेरूने सारवल्यासारखी होती.

मध्ये दोन लांब पट्टे पांढरे होते. दोन आखूड. एक गोल.

खिडकी बंद होती. शेजारच्या खाटेवरची चादर स्वच्छ पांढरी होती.

कुसुमने वर बघायच्या आत मी ती चादर चारी कोपऱ्यांनी ओढून गोळा केली आणि नर्सच्या हातात दिली. "धुवायला टाका," मी म्हटलं. "लगेच." कायद्यात याला पुरावा नष्ट करणं म्हणतात. मी ते केलं, आणि कुणी विचारलं असतं तर पुन्हा केलं असतं.

कुसुम भावाला घेऊन गावी गेली, ती परत आली नाही. दावा मात्र मिटला नाही. तो त्या कोठडीत राहणाऱ्या सगळ्यांच्या वतीने होता. कोर्टाने कोठडी रिकामी करायचा हुकूम दिला आणि खिडकी चिऱ्यांनी बंद करायला लावली. आम्ही जिंकलो. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. वर्षाने त्या कापून ठेवल्या.

एवढ्यावर मी ते प्रकरण विसरलो असतो. पण पावसाच्या तोंडाला कोर्टातून मला नोटीस आली. सरकारच्या आग्रहावरून जी चाचणी पुन्हा घ्यायची ठरली होती, ती आधीच्या हुकुमाप्रमाणे घेतली गेली होती. विजय इस्पितळात होता त्या दिवसांत, रिकाम्या कोठडीत, सुलोचनाबाईंनी एकट्यांनी कापड अंथरलं होतं आणि सकाळी काढलं होतं. मला कुणी कळवलं नाही, किंवा कळवलं असेल आणि माझं लक्ष नसेल. आता पुरावा तपासणीसाठी तयार आहे, वादीच्या वकिलांनी येऊन पाहावा, अशी ती नोटीस होती.

जो माणूस एका चादरीसाठी महिनाभर भांडला, त्याला तिसरी फुकट मिळत होती.

मी नोटीस खिशात घालून डिचोलीला गेलो. सुलोचनाबाई त्यांच्या खोलीत टेबलाशी बसल्या होत्या. खोलीत जुनी कपाटं, जप्त केलेल्या सायकली, पितळेच्या समया. टेबलावर मांजरपाटाचं गाठोडं होतं, मोहर केलेलं. मोहर नवी दिसत होती. पहिली फोडून पुन्हा केलेली.

"बाब, बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो नाही. "मला हे बघायचं नाही," मी म्हटलं. "दावा निकालात निघालाय. वादीला या पुराव्याची गरज नाही, असं लिहून देतो. तुम्ही ते नष्ट करा."

"लिहून द्या," त्या म्हणाल्या आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

मी उभ्याउभ्याच लिहू लागलो. त्या माझ्याकडे बघत होत्या. आधी माझ्या हाताकडे, मग माझ्या तोंडाकडे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. खिडकीतून ट्रकचा आवाज आला आणि गेला. मी सही केली आणि पेनला टोपण लावलं.

"वकीलबाब, एक विचारू?"

"विचारा."

त्यांनी गाठोड्यावर हात ठेवला.

"निजताना तुमी चष्मो खंय ठेवतात?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"टेबलावर," मी उजवी मूठ खिशात घालत म्हटलं. "लांब. हाताला लागत नाही असा."

सुलोचनाबाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "मागीर बरें," त्या म्हणाल्या. "बरें जालें." मग त्यांनी पदराने डोळे पुसले, माझा कागद गाठोड्याला टाचला आणि चहा मागवला. मी तो सगळा प्यालो.